उपरण्याखाली चार बोटं

पहिल्यांदा तो माझ्या पुढ्यात आला तेव्हा माझा हात एका खोंडाच्या तोंडात होता.

प्रेमकथेतल्या नायिकेने खिडकीत उभं राहावं, वेणीत शेवंती माळावी, असं तुम्हाला वाटत असेल तर माझा नाइलाज आहे. आमच्या घराला खिडकी नव्हती आणि माझ्या कोपरापर्यंत लाळ होती. कार्तिक सरत आला होता, युसूफ वडगावचा बैलबाजार भरला होता, आणि माझे वडील, आश्रुबा दलाल, डोक्याला पटका बांधून माझ्या शेजारी गंभीर उभे होते. दातावरून बैलाचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत कुणी नव्हता. मात्र तीन वर्षांपूर्वी, आई गेली त्याच साली, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ही गोष्ट आम्हा बापलेकींशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

म्हणून बैलबाजारात मी. जनावराचा ओठ मी वर करायची. पोरीचा हात लहान, जनावर बुजत नाही, असं आबा लोकांना सांगायचे. मग माझा दुसरा हात त्यांच्या उपरण्याखाली त्यांच्या तळव्यात जायचा. बाजारात उपरण्याखाली बोटं दाबूनच सौदे होतात, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटत नसे. बैलाचे दात जोडीने येतात. एक बोट दाबलं की दोन दाती, दोन दाबली की चार दाती, तीन दाबली की सहा, आणि चारही बोटं दाबली की सगळे दात आलेला, जुळलेला बैल. मूठ मिटून दिली तर खोट आहे, नाद सोडा. आबा घटकाभर आभाळाकडे बघून विचार केल्यासारखं करायचे, मग जाहीर करायचे, आणि लोक माना डोलवायचे.

तीन वर्षांत मी आबांना एकदाही खोटं बोट दिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर खोंडाच्या तोंडातून हात काढून मी मान वर केली, तो समोर एक कोट, काळी टोपी आणि त्या दोघांच्या मधोमध दोन मोठे डोळे. डोळे माझ्याकडे नव्हते, खोंडाच्या दातांकडे होते. याचा मला रागच आला.

"लई जपून बघताय दात," तो म्हणाला. "माणसाचे बी बघता का?"

"माणसाचे कावून बघू? माणसं तोंडानं सांगतात की वय."

"खरं सांगतात?"

मला हसू फुटलं. तोही हसला, पण हसताना त्याने पटकन तोंडावर हात धरला. शिकलेल्या लोकांची रीत असेल, असं मला वाटलं.

तो बद्रीनाथ होता. मूळचा शिरूर कासारचा, आणि निझाम सरकारच्या दवाखान्यात कंपाउंडर. खिशातून उर्दूतला हुकूम काढून तो एका रिकाम्या गाडीवर चढला आणि त्याचं मराठी करून सांगू लागला. लेकराला पहिला दात आला की त्या दिवसापासून आईबापांनी तो स्वतःच्या हाताने घासावा. एवढं ऐकून अर्धा बाजार आपापल्या कामाला लागला. उरलेल्या अर्ध्यांना कसं घासायचं ते दाखवावं म्हणून त्याने मुक्ताबाईच्या चार वर्षांच्या पोराला जवळ घेतलं, हनुवटी धरली आणि त्याचं तोंड उघडलं.

घात तिथेच झाला. आमच्या बाजाराची एक रीत आहे. ज्याने भर बाजारात जबडा उघडला, त्याने बोली बोलायलाच हवी. नुसते दात बघून निघून जाणं म्हणजे मालकाचा अपमान. इथे माणूस सरकारचा होता आणि जबडा पोराचा.

"मी लेकरू इकाया आनलंय व्हय?" मुक्ताबाई म्हणाली आणि पोराला ओढून घ्यायच्या आधी तिने बद्रीनाथाची टोपी ओढली.

मागून कुणीतरी बोली किती झाली ते विचारलं. दुसऱ्या कुणी सांगितलं की पोरांची वयं काढताहेत, हैदराबादेला बेगारीवर न्यायला. चिलीम विझायला लागतो तेवढ्या वेळात बाजारात एक लेकरू दिसेनासं झालं. बद्रीनाथ गाडीवर टोपीविना उभा होता आणि हातातल्या हुकुमाकडे असा बघत होता, जणू पुढे काय करायचं तेही त्यात लिहिलेलं असेल.

मला त्याची दया आली. दया फार वाईट, तिथूनच सगळं सुरू होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, ह्यांनी पोराचे दात बघितले, आता मुक्ताबाईने ह्यांचे बघावेत, म्हणजे फिटंफाट. लोक खो खो हसले आणि राग निवला. तो मात्र हसला नाही. त्याने ओठ घट्ट मिटले आणि तो खाली उतरला.

सांजेला तो आमच्या ओट्यावर हजर. आबांना त्याने सरळ सांगितलं की गाव त्याचं ऐकणार नाही, पण दाताच्या बाबतीत आश्रुबा दलालाचा शब्द गाव मोडणार नाही. वीस घरांत आईबाप पोरांचे दात घासू लागले, की त्याचं इथलं काम संपलं. मग पुढचं गाव दिंद्रुड.

आबा खूश झाले. दात ही त्यांची विद्या, आणि तिला पहिल्यांदाच सरकारातून कुणी मान दिला होता. त्यांनी मला त्याच्याबरोबर घरोघर जायला सांगितलं. शेजारच्या भिंतीवरून भिवराआत्याने ते ऐकलं आणि अठरा वर्षांची बिनलग्नाची पोर परक्या माणसाबरोबर गावभर हिंडणार का, असं विचारलं. आबा म्हणाले, दारात उभी राहील, चार बायकांत. आणि तिचं लग्न राहिलं ते काय तिच्या पायगुणाने?

ते मात्र खरं होतं. माझं लग्न आबांनीच दोनदा मोडलं होतं. आमच्याकडे मुलगी दाखवायची पद्धत नव्हती, मुलगा दाखवायची होती. पहिला मुलगा बावीस वर्षांचा म्हणून आला. आबांनी त्याला तोंड उघडायला लावलं आणि पस्तीस सांगितलं. तो उठून गेला तेव्हा त्याचा मामा म्हणाला की छत्तीस. दुसऱ्याच्या दाढेत खोट निघाली आणि ती त्याने सुपारीने झाकली होती. आबांनी त्याला जेवायलाही थांबवलं नाही. दात खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे, आणि खोट लपवणारा माझ्या दावणीला नको.

तर आम्ही घरोघर हिंडू लागलो. सांगायचं काम तो करायचा, पटवायचं मी.

बायकांचं पहिलं म्हणणं ठरलेलं. दुधाचे दात पडायचेच असतात, मग घासायचे कशाला? याचं उत्तर हुकुमात होतं, पण इतकं लांबलचक की ऐकता ऐकता लेकराचे दुधाचे दात पडून गेले असते. मी सांगायची, बाजारात पहाटे आबा मला पोतं टाकून जागा धरायला बसवतात. मी मधेच उठले तर भलताच कुणीतरी आडवा येऊन बसतो आणि आबांना उभं राहायलाही जागा उरत नाही. दुधाचा दात तशी जागा धरून बसलेला असतो. मागचा येईपर्यंत त्याला बसू द्या.

मग तो घासायचं कसं ते दाखवायचा. लेकराचं डोकं मांडीवर घ्यायचं, आपण मागून वाकायचं, म्हणजे आतलं सगळं दिसतं आणि लेकरू चावतही नाही. तान्ह्याला बोटाला ओलं फडकं गुंडाळून. जरा मोठं झालं की बाभळीची कोवळी काडी, चावून चावून मऊ कुंचला केलेली. मीठ आणि बारीक वस्त्रगाळ कोळशाची पूड, तान्ह्याला ज्वारीच्या दाण्याएवढी, मोठ्याला हरभऱ्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. सकाळी एकदा, झोपताना एकदा. झोपतानाचं झाल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. आणि पोराला स्वतःच्या चड्डीच्या नाडीची गाठ मारता येईपर्यंत काडी आईबापाच्याच हातात.

"आन् ज्यांच्या पोराला चड्डीच न्हाई त्यांनी?" मुक्ताबाईने विचारलं. बद्रीनाथ तिच्यापुढे अजूनही टोपी धरूनच बसत असे. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. हुकुमात त्याची सोय नव्हती.

जे घर पंधरा दिवस नीट घासेल त्याच्या दारावर त्याने खूण म्हणून लिंबाचा डहाळा बांधायचं ठरवलं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं नाही. पहिला डहाळा विमलबाईच्या दाराला लागला, आणि तिच्या माहेरची माणसं वेशीतून आली, डहाळा बघून दारातूनच माघारी फिरली. आमच्याकडे दाराला लिंब म्हणजे घरात देवी निघालेली. सांजेपर्यंत विमलबाईकडे शेजारी विस्तवही मागायला येईनात, आणि तिचा नवरा बद्रीनाथाला शोधत गावभर फिरत होता. तो आमच्या गोठ्यात कडब्यामागे बसला होता.

"आता काय करू?" त्याने कडब्यातून विचारलं.

"आता बसा तिथंच. बैल तुम्हाला खाईस्तोवर."

शेवटी डहाळ्याऐवजी गेरूचं पान दारावर काढायचं ठरलं. ते पान मी काढायची, तो गेरूची वाटी धरायचा. एक पान काढायला किती वेळ लागावा? पहिलं मी झटक्यात काढलं. सातव्या घरापर्यंत पानाला शिरा येऊ लागल्या. बाराव्या घरी मी देठ पुसून दोनदा काढला.

त्या दिवसांत हुरडा चालू झाला. एकदा शेतातून परत येताना आबा पुढे होते, हातात काठी, आणि आम्ही जरा मागे. तो हळूच म्हणाला, "तुमच्या आबांना दिसत न्हाई."

माझे पायच थबकले.

"मी दवाखान्यातला हाय, मोतीबिंदू कळतो मला… कुणाला सांगणार न्हाई. पर मग बाजारात दात कसे सांगतात ते?"

मी त्याला सगळं सांगितलं. तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत सांगून टाकलं. एक बोट, दोन बोटं, तीन, चार.

"आन् मूठ?"

"खोट."

"आन् नुसता हात धरला तर?"

"तसं बाजारात कुणी धरत न्हाई," मी म्हटलं आणि उगाच झपझप चालू लागले. मागून तो हसल्याचं ऐकू आलं. मी वळून पाहिलं तर त्याचा हात तोंडावर.

"हसताना हात कावून धरता?"

"सवय हाय."

माझं गुपित त्याने ठेवलं होतं, स्वतःचं काही दिलं नव्हतं. मला वाटलं, असू दे, मागून देईल.

पौषात एकोणीस पानं झाली. मी गेरूची वाटी धुवायला बसले आणि माझ्या ध्यानात आलं की आणखी एक पान काढलं की तो दिंद्रुडला जाणार. इतके दिवस मी ज्या माणसाला गावातून घालवायला मदत करत होते, तो गेल्यावर मी कुणाशी भांडू, हे मी ठरवलंच नव्हतं. मी विहिरीवर बसून रडले. हे मी सांगणार नव्हते, पण सांगितलं.

विसावं घर होतं भिवराआत्याचं. भिंतीला भिंत. तिच्या घरात तिची चार वर्षांची नात होती, छबू. आत्या मिसरी लावायची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिची हिरडी काळी. छबू रडली की त्याच बोटाने छबूच्या हिरडीलाही जरा फिरवायची, वरून गुळाचा खडा द्यायची, मग लेकरू गप्प होऊन झोपायचं. सून तिच्यापुढे चकार शब्द काढत नसे. सगळं गाव म्हणायचं की भिवराबाई ऐकेल तर फक्त माझं, केशरचं ऐकेल.

मी तिला सांगितलंच नाही. आज तिचा उपास आहे, आज तिचं डोकं उठलंय, आज ती रागात आहे, असं मी बद्रीनाथाला सांगत राहिले. तोही लगेच मान डोलवायचा. इतक्या लगेच, की मला शंका यायला हवी होती. पण तेव्हा मी स्वतःच्याच लबाडीवर खूश होते.

संक्रांत झाली. छबूने दोन दिवस तिळगुळाशिवाय काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. मी गेले तर छबूचा गाल सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, आणि आत्या मिसरीचं बोट घेऊन तिच्या मागे मागे. मी ते बोट धरलं. जन्मात आत्याला हात लावला नव्हता, त्या दिवशी धरलं, आणि ओरडून बद्रीनाथाला हाक मारली.

त्याने छबूचं डोकं मांडीवर घेतलं. कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुतलं, लवंगेचं तेल कापसाने लावलं. खालची एक दाढ पार काळी झाली होती. छबू मुसमुसत त्याच्या कोटाचं बटण धरून पडली होती.

"मलाबी असंच झालतं," तो आत्याला म्हणाला. "एवढाच होतो. मी रडू नये म्हणून आई झोपताना तोंडात गुळाचा खडा ठेवायची. माया होती वो तिची… कुणी सांगितलंच न्हाई तिला." आणि त्याने वरचा ओठ बोटाने उचलला. डाव्या अंगाला, सुळ्याच्या जागी, एक रिकामी फट होती. दुधाचा दात किडला, त्याने आतल्या दातालाही नेलं.

आत्याने ती फट बघितली. मग तिने कमरेची मिसरीची डबी काढली आणि उकिरड्यावर फेकली. "केशे," ती म्हणाली, "समद्या गावाला सांगितलंस. मलाच कावून सांगितलं न्हाईस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सांगायची मला लाज वाटत होती. मी तशीच परसात निघून गेले. तो मागे आला.

"मी मुद्दामच सांगितलं न्हाई आत्याला," मी म्हटलं. "विसावं घर राहावं म्हणून… तुमी जाऊ नये म्हणून. आन् त्या लेकराचा गाल बघा."

तो म्हणाला, "मीबी दोन महिने त्या दाराकडं फिरकलो न्हाई. मला काय कळत नव्हतं? सगळ्यात आधी जायला पायजे होतं, मिसरी दिसत होती मला. तुमी 'आज उपास' म्हणलात की मला बरं वाटायचं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. दोघंही चोर, आणि भिंतीपलीकडे छबू हुंदके देतेय. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. तो हसला, आणि पहिल्यांदाच त्याचा हात तोंडाकडे गेला नाही. ती फट मला फार आवडली. खरं सांगते, सगळ्या चेहऱ्यात तीच जास्त आवडली.

त्यानंतर आत्याने ते काम अंगावर घेतलं. ती छबूचं डोकं मांडीत धरून अशी घासायची की गल्लीतली इतर पोरं आपापल्या आईकडे आपणहून धावायची. हळदीकुंकवाला तिने बायकांना वाण म्हणून पुडीत दंतमंजन वाटलं. मुक्ताबाईने ते शिंक यायला ओढायचं की काय म्हणून विचारलं, आणि मग दोघींचं जे भांडण झालं ते वेगळं. पंधराव्या दिवशी मी आत्याच्या दारावर विसावं पान काढलं. वाटी धरणाऱ्याने या वेळी पान बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंद्रुडची गाडी वेशीत उभी राहिली, आणि बद्रीनाथ निरोप घ्यायला आमच्या अंगणात आला. आबा बाजेवर बसले होते. मी जात्याशी, पण दळत नव्हते.

"मामा, एक मागायचं हाय," तो म्हणाला, आणि पुढे काही केल्या बोलेना. टोपी हातात फिरत होती.

"केशर मागतोय तो, दुसरं काय," भिंतीवरून आत्या म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय. तुलाच दिसत न्हाई व्हय?"

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं असावं. आबा जरा दचकले. मग सावरून बसले आणि म्हणाले, "जवळ ये. तोंड उघड."

पस्तीशीचा बावीस म्हणून आलेला आठवला, सुपारीने दाढ झाकणारा आठवला. खोट निघाली की आबा पाण्यालाही विचारत नसत. बद्रीनाथ त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला, तोंड उघडलं, आणि आबांनी खोंडाचा धरावा तसा त्याचा जबडा धरला. अंगठा आत घातला, इकडून तिकडे फिरवला. वेशीतून गाडीवाल्याने हाक मारली.

मग आबांनी उपरणं गुडघ्यावर ओढलं आणि त्याखालून माझ्याकडे हात केला.

मी उठून गेले. त्यांचा तळवा उघडा होता. खोट होती, वरची, डाव्या अंगाची, मी या डोळ्यांनी पाहिली होती. मूठ मिटून द्यायची होती. तीन वर्षांत मी आबांना एकदाही फसवलं नव्हतं, आणि या जगात त्यांना माझ्याशिवाय दुसरे डोळे नव्हते. मी एक बोट दाबलं. दुसरं दाबलं. तिसरं. आणि चौथंही दाबलं.

आबांनी नेहमीप्रमाणे आभाळाकडे पाहिलं.

"मामा," बद्रीनाथ म्हणाला, "एक दात न्हाई मला. वरचा, डाव्या अंगाचा. आधीच सांगतो… मागून कळायला नको."

त्याचे उरलेले दातही तिथल्या तिथे पाडावेत, असं मला वाटलं.

"ठावं हाय," आबा म्हणाले. "माझा अंगठाच गेला की त्या फटीत. चाळीस वर्सं ह्या अंगठ्यानं दात मोजतोय मी. डोळे गेले म्हणून काय अंगठा गेला?"

मी विचारलं, "मग मला बाजारात कावून नेत होता, आबा?"

"माय गेल्यावर घरात बसून नुसती रडायचीस तू. बाजारात हसायचीस." ते बद्रीनाथाकडे वळले. "तीन वर्सं हिनं मला एक बोट खोटं दिलं न्हाई. आज दिलं. अन् तू आपल्या तोंडानं आपली खोट सांगितलीस. आता मी आणखी काय बघू?"

भिंतीवर आत्या पदराने नाक पुसत होती आणि छबूला दाखवत होती की ते बघ, तुझ्या केशीमावशीचा नवरा. छबूने तोंड उघडून घासलेले दात दाखवले, तिला वाटलं तपासणी चालू आहे.

आबांनी बद्रीनाथाचा हात धरला आणि उपरण्याखाली ओढला. मग आपला हात हळूच काढून घेतला. आत माझा हात राहिला आणि त्याचा. कोणतं बोट आधी दाबतो म्हणून मी वाट बघत राहिले. त्याला सगळं शिकवलं होतं, एक बोट, दोन बोटं, तीन, चार. त्याने एकही दाबलं नाही. नुसता हात धरला.

बाजारात तसं कुणी धरत नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. तो विसरला असावा. मीही आठवण करून दिली नाही.